वनस्पतीजन्य द्रव्ये आणि प्रोस्टेटचा कर्करोग : दावे व पुरावे

हळद, डाळिंब, टोमॅटो, हिरवा चहा... प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींना प्रयोगशाळेत रोखणाऱ्या वनस्पतीजन्य द्रव्यांची यादी गेली तीन दशके वाढतेच आहे. मात्र प्रयोगशाळेतील यश आणि रुग्णाच्या पदरात पडणारा लाभ यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कसे कापले जाते आणि बहुतेक द्रव्ये वाटेतच का गळतात, याचा आढावा.

माजी क्रिकेटपटू व राजकीय नेते नवज्योतसिंग सिद्धू यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एक दावा केला आणि देशभर चर्चेला उधाण आले. पत्नीच्या चौथ्या टप्प्यातील स्तनाच्या कर्करोगावर हळद, कडुनिंब, लिंबू-पाणी आणि साखरवर्ज्य आहार यांमुळे मात करता आली, असे त्यांचे म्हणणे होते. वास्तविक त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी तातडीने पत्रक काढून, अशा उपायांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे आणि रुग्णांनी उपचार लांबणीवर टाकू नयेत, असे आवाहन केले. हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेतल्याचे सिद्धू यांनी नंतर स्पष्ट केले. वाद शमला, पण त्यामागचा प्रश्न मात्र कायम राहिला. वनस्पतींमध्ये कर्करोगाला रोखणारे काही आहे की नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रोस्टेटच्या म्हणजेच पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. वनस्पतीजन्य द्रव्यांची या आजारावर पेशींपासून थेट रुग्णांपर्यंत भरपूर तपासणी झाली आहे. शिवाय या आजाराची व्याप्तीही वाढत आहे. २०२० साली जगभरात सुमारे १४ लाख पुरुषांमध्ये या कर्करोगाचे निदान झाले. २०४० पर्यंत हा वार्षिक आकडा २९ लाखांवर जाईल, असा अंदाज 'लॅन्सेट' नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये वर्तवला. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात या कर्करोगाचे प्रमाण कमी असले, तरी वाढत्या आयुर्मानाबरोबर शहरांतील रुग्णांची संख्या वाढत आहे आणि अनेकांचे निदान आजार हाडांपर्यंत पोहोचल्यावर होते.

संप्रेरकावर पोसणारा आजार

प्रोस्टेटच्या पेशींची वाढ पुरुषी संप्रेरकावर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असते. या संप्रेरकाचा पुरवठा तोडला तर पसरलेला कर्करोगही आक्रसतो, हे शिकागोतील शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजही पसरलेल्या आजारावरील उपचारांचा पाया तोच आहे. अडचण अशी, की काही काळानंतर पेशी अत्यल्प संप्रेरकावरही तगू लागतात. संप्रेरक स्वीकारणारा पेशीतील रेणू, म्हणजे 'अँड्रोजेन ग्राही', रूप बदलतो किंवा संख्येने वाढतो आणि आजार पुन्हा डोके वर काढतो. म्हणूनच या ग्राहीला रोखणारे किंवा पेशीला आत्मनाशाकडे ढकलणारे कोणतेही द्रव्य संशोधकांचे लक्ष वेधून घेते.

वनस्पतींकडे लक्ष वळण्यास आणखी एक कारण घडले. जपान व चीनमध्ये हा आजार पूर्वी फार कमी आढळत असे. मात्र अमेरिकेत स्थायिक झालेल्या आशियाई कुटुंबांत पुढे त्याचे प्रमाण वाढलेले दिसले. वंश तोच, पण आजाराचे प्रमाण वेगळे. तेव्हा फरक आहारात व राहणीमानात असावा, असा तर्क पुढे आला. सोयाबीन, हिरवा चहा, भाज्या यांवरील संशोधनाला येथूनच गती मिळाली.

काचेच्या बशीतील विजय

या संशोधनात तीन पेशीवंश वारंवार वापरले जातात. रुग्णांच्या लसिकाग्रंथीत, हाडांत आणि मेंदूत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगापासून १९७० च्या दशकात ते मिळवले गेले आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत ते वाढवले जात आहेत. अशा पेशींवर हळदीतील कर्क्युमिन टाकले, की दाह व पेशींचे आयुष्य वाढवणारी रासायनिक साखळी मंदावते, अँड्रोजेन ग्राहीचे प्रमाण घटते आणि पेशी आत्मनाशाच्या मार्गाला लागतात. हिरव्या चहातील कॅटेचिन, ब्रोकोली व कोबीवर्गीय भाज्यांतील सल्फोराफेन, डाळिंबातील एलॅजिटॅनिन, टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन यांच्याबाबतही कमी-अधिक फरकाने असेच निष्कर्ष आले आहेत. हे निष्कर्ष खोटे नाहीत. प्रश्न आहे तो त्यांच्या अर्थाचा.

पहिला अडसर मात्रेचा. बशीतील पेशींवर जेवढ्या तीव्रतेचे कर्क्युमिन टाकले जाते, तेवढे ते माणसाच्या रक्तात जवळपास कधीच पोहोचत नाही. दिवसाला ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध कर्क्युमिन घेतलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तातही ते अत्यल्प, कधी मोजता न येण्याइतके कमी आढळले. हळदीच्या पुडीत कर्क्युमिनचे प्रमाण वजनाच्या साधारण तीन टक्के असते, हे लक्षात घेतले तर ८ ग्रॅम म्हणजे दररोज पाव किलोहून अधिक हळद! जे काही आतड्यातून शोषले जाते, त्यावर आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात लगेच प्रक्रिया होऊन ते शरीराबाहेर टाकले जाते.

दुसरा अडसर अधिक सूक्ष्म आहे. काही रेणू प्रयोगातील मोजमापच बिघडवतात. ते स्वतः प्रकाशमान असतात, प्रथिनांना सरसकट चिकटतात किंवा द्रावणात विघटित होतात. परिणामी औषधी गुण नसतानाही तो असल्याचा भास होतो. अमेरिकेतील औषधरसायनतज्ज्ञांच्या एका गटाने २०१७ मध्ये कर्क्युमिनवरील विपुल संशोधनाचा आढावा घेतला आणि हा रेणू अस्थिर, कोणाशीही प्रक्रिया करणारा व शरीरात न टिकणारा असल्याचा निष्कर्ष काढला. १२० हून अधिक मानवी चाचण्या होऊनही कर्क्युमिनला निर्विवाद यश मिळाले नसल्याचे त्यांनी नोंदवले.

तिसरा अडसर, बशीत रुग्ण नसतो. तेथे रोगप्रतिकारशक्ती नाही, रक्तपुरवठा नाही, हाडात रुजलेली गाठ नाही. पुरेशा तीव्रतेने टाकल्यास साधा साबणही बशीतील पेशी मारतो. पेशी मरणे ही संशोधनाची सुरुवात असते. मथळ्यात मात्र तोच शेवट म्हणून छापला जातो.

माणसांवरील चाचण्यांचा कौल

या द्रव्यांची परीक्षा माणसांवर झाली, तेव्हा चित्र कसे पालटले, हे क्रमाने पाहण्यासारखे आहे.

टोमॅटोची कथा १९९५ मध्ये सुरू झाली. हार्वर्ड विद्यापीठाचे एडवर्ड जिओव्हानुची यांनी सुमारे ४७ हजार पुरुषांच्या आहाराचा मागोवा घेतला. आठवड्यातून दहापेक्षा अधिक वेळा टोमॅटोचे पदार्थ खाणाऱ्यांत प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळले. लायकोपीनच्या गोळ्यांचा बाजार यावरच उभा राहिला. पण टोमॅटो खाणारा माणूस इतर बाबतींतही वेगळा असू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला तेव्हा लायकोपीनच्या गोळ्यांबाबतचा दावा फेटाळला आणि टोमॅटोबाबतही पुरावा अतिशय तोकडा असल्याचे म्हटले. पुढे तेथेच सौम्य स्वरूपाचा प्रोस्टेट कर्करोग असलेल्या ४७८ पुरुषांवर एक चाचणी झाली. त्यांतील निम्म्यांना टोमॅटोसह रोज सात किंवा अधिक वाढप भाज्या खाण्यास प्रवृत्त केले गेले. त्यांनी तशा खाल्ल्याही. २०२० मध्ये निकाल आला, की दोन वर्षांत आजार पुढे सरकण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

हिरव्या चहाने मोठी आशा दाखवली होती. २००६ मध्ये इटलीतील संशोधकांनी कर्करोगपूर्व बदल आढळलेल्या ६० पुरुषांवर वर्षभर प्रयोग केला. चहाचा अर्क घेणाऱ्या ३० जणांपैकी एकाला, तर न घेणाऱ्या ३० पैकी नऊ जणांना कर्करोग झाला. परंतु अमेरिकेत ९७ पुरुषांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा फरक सिद्ध झाला नाही.

डाळिंबाचेही तसेच झाले. लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये सांगितले, की रोज पेलाभर डाळिंबाचा रस घेणाऱ्या रुग्णांत 'पीएसए' या रक्तातील निदर्शकाचे प्रमाण दुप्पट होण्याचा काळ १५ महिन्यांवरून ५४ महिन्यांवर गेला. या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. तो ठेवून १८३ रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा डाळिंब घेणारे आणि न घेणारे यांत लक्षणीय फरक आढळला नाही. दरम्यान 'पॉम वंडरफुल' ही रस विकणारी अमेरिकी कंपनी प्रोस्टेट कर्करोगासह अनेक आजारांबाबत जाहिराती करून मोकळी झाली होती. त्या दिशाभूल करणाऱ्या असल्याचा तेथील व्यापार आयोगाचा निर्णय २०१५ मध्ये न्यायालयानेही उचलून धरला.

सोयाबीनच्या प्रथिनाने शस्त्रक्रियेनंतर आजार परतणे थांबत नाही, हे १७७ रुग्णांवरील चाचणीत २०१३ मध्ये दिसले. दक्षिण कोरियात संप्रेरक-उपचार मध्येच थांबवलेल्या रुग्णांना सहा महिने रोज १,४४० मिलिग्रॅम कर्क्युमिन देण्यात आले. २०१९ मधील निकालानुसार, पुन्हा उपचार सुरू करण्याची वेळ त्यामुळे लांबली नाही.

सर्वांत कठोर धडा मात्र जीवनसत्त्वाने दिला. वनस्पती तेलांत आढळणारे 'ई' जीवनसत्त्व आणि सेलेनियम हे क्षार प्रोस्टेट कर्करोग टाळतात का, हे पाहण्यासाठी २००१ मध्ये अमेरिका व कॅनडात ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर चाचणी सुरू झाली. लाभ दिसत नसल्याने ती २००८ मध्ये थांबवण्यात आली. २०११ मध्ये हाती आलेली आकडेवारी धक्कादायक होती. 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढले होते. 'फायदा झाला नाही तरी तोटा तर नाही' या लाडक्या समजाला याहून स्पष्ट उत्तर नसेल.

संथ आजार, सोयीचा आजार

मग एवढ्या नकारानंतरही हे दावे टिकतात कसे? त्याचे एक उत्तर खुद्द या आजाराच्या स्वभावात आहे. प्रोस्टेटचा कर्करोग अनेकदा अतिशय संथ असतो. ब्रिटनमध्ये प्रोस्टेटपुरत्या मर्यादित आजाराच्या १,६४३ रुग्णांना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केवळ देखरेख अशा तीन गटांत विभागून त्यांचा सुमारे १५ वर्षे मागोवा घेण्यात आला. या काळात तिन्ही गटांत मिळून जेमतेम तीन टक्के रुग्ण या कर्करोगाने दगावले. म्हणजेच अशा रुग्णाने डाळिंबाचा रस घेतला, काढा घेतला किंवा काहीही घेतले नाही, तरी दहा वर्षांनी तो हिंडता-फिरता असण्याची शक्यता मोठी. श्रेय मात्र रसाला किंवा काढ्याला मिळते.

याच कारणाने धोकाही लपून राहतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्या २८१ कर्करुग्णांची तुलना प्रचलित उपचार घेणाऱ्यांशी केली. एकूण पाहता, पर्यायी उपचारांवर विसंबणाऱ्यांत मृत्यूची जोखीम अडीच पट होती. स्तन व मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ती त्याहूनही अधिक. प्रोस्टेटच्या रुग्णांत मात्र सुमारे साडेपाच वर्षांच्या पाहणीत फरक दिसला नाही. याचा अर्थ पर्यायी उपचार तेथे चालले असा नव्हे. आजार हळू चालत होता, एवढाच. आक्रमक प्रकारचा कर्करोग असलेल्या पुरुषाने हीच वर्षे काढ्यावर घालवली, तर ग्रंथीपुरता मर्यादित असलेला आणि बरा होऊ शकणारा आजार हाडांत पोहोचतो. तेथून तो आटोक्यात ठेवता येतो, सहसा पूर्ण बरा करता येत नाही.

नंदुरबारचा रसायनतज्ज्ञ

एवढ्यावरून वनस्पतीत काहीच नाही, असा निष्कर्ष काढणे हीदेखील चूक ठरेल. प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगात रुग्णाचे आयुष्य वाढवणारे पहिले केमोथेरपीचे औषध वनस्पतीतूनच आले आहे आणि त्या कथेचे एक टोक महाराष्ट्रात आहे.

१९६२ मध्ये अमेरिकेच्या वायव्य भागातील जंगलातून पॅसिफिक यू या वृक्षाची साल गोळा करण्यात आली. कर्करोगरोधक वनस्पतींच्या सरकारी शोधमोहिमेचा तो भाग होता. नॉर्थ कॅरोलिनातील संशोधन संस्थेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीने या सालीतील गुणकारी रेणू वेगळा करून १९७१ मध्ये त्याची रचना जाहीर केली. वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. रसायनशास्त्राचे शिक्षण मुंबई विद्यापीठात. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या रेणूला 'टॅक्सॉल', म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल, हे नाव मिळाले. पेशी दुभंगताना तिच्यात सूक्ष्म नलिकांचा सांगाडा उभा राहतो आणि काम संपताच मोडतो. हा रेणू तो सांगाडा मोडूच देत नाही, त्यामुळे पेशीचे विभाजन अडते, हे न्यूयॉर्कमधील सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले.

अडचण झाडांची होती. थोड्याशा औषधासाठी प्रचंड साल लागे आणि साल काढली की झाड मरे. फ्रान्समधील पिएर पोटिए यांच्या गटाने मार्ग काढला. युरोपीय यूच्या पुन्हा उगवणाऱ्या पानांतून त्यांनी पायाभूत रेणू मिळवला आणि त्यावर प्रक्रिया करून 'डोसिटॅक्सेल' घडवले. २००४ मध्ये १,००६ रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. संप्रेरक-उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांचे सरासरी आयुर्मान तोवरच्या औषधाने १६.५ महिने, तर डोसिटॅक्सेलने १८.९ महिने. वाढ थोडी होती, पण खरी होती. पुढे हेच औषध संप्रेरक-उपचारांबरोबर सुरुवातीलाच दिले, तेव्हा २०१५ मधील चाचणीत आयुर्मान ४४ महिन्यांवरून ५७.६ महिन्यांवर गेले. याच कुळातील कॅबाझिटॅक्सेलला २०१० मध्ये मान्यता मिळाली.

यूची साल चघळून कोणाचा कर्करोग बरा झाला नसता. उलट यूचे झाड विषारी आहे. रेणू शोधणे, शुद्ध करणे, त्याचे कार्य समजून घेणे, रचना सुधारणे, मात्रा ठरवणे आणि तुलनात्मक चाचणीत सिद्ध करणे, या तीन दशकांहून अधिक काळाच्या प्रवासानंतर वनस्पतीचे औषध झाले. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन मिळाले तेही याच वाटेने.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे

ही वाट टाळली की काय होते, याचे उदाहरणही प्रोस्टेटच्याच इतिहासात आहे. १९९६ पासून अमेरिकेत आठ वनस्पतींचे 'पीसी-स्पेस' नावाचे मिश्रण प्रोस्टेटच्या आरोग्यासाठी म्हणून विकले जात होते. रुग्णांचे पीएसए खरोखरच उतरत होते. २००२ मध्ये तपासणीत त्यात वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध सापडले आणि ते बाजारातून मागे घ्यावे लागले. अधिक विश्लेषणात काही साठ्यांत इंडोमेथासिन हे वेदनाशामक आणि डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरकही आढळले. हे संप्रेरक डॉक्टर प्रोस्टेट कर्करोगासाठी १९४० च्या दशकापासूनच वापरत होते. रुग्ण 'नैसर्गिक' उपाय समजून जे गिळत होते, त्यात जुनेच रासायनिक औषध होते. तेही न सांगता, न मोजता.

शुद्ध अर्कही जपूनच घ्यावे लागतात. हिरव्या चहातील मुख्य कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृतावर ताण येत असल्याचे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले. हळदीच्या पूरक गोळ्यांनंतर यकृतदाह झालेले रुग्ण २०१९ मध्ये इटलीत आणि नंतर अमेरिकेतही आढळले. काळ्या मिरीतील पिपेरिन कर्क्युमिनचे शोषण वीसपट वाढवते, हे बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले होते. पण हेच पिपेरिन इतर औषधांचे विघटनही मंदावू शकते. करोनाकाळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. वाद काहीही असो, केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाने असे अर्क डॉक्टरांपासून लपवून घेणे धोक्याचे आहे. फोडणीतली हळद आणि कर्क्युमिनची गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडील जबाबदारी

कर्करोगावर आणि प्रोस्टेटच्या विकारांवर इलाजाची जाहिरात करण्यास भारतात १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपाय कायद्याने बंदी आहे. तरीही असे दावे मोबाइलवरून घरोघर पोहोचतात. प्रोस्टेटच्या आजाराबाबत पुरुष मुळातच संकोची. लघवीचा त्रास, लैंगिक दुर्बलतेची भीती यांविषयी घरातही बोलले जात नाही. डॉक्टरांच्या प्रश्नांना सामोरे जाण्यापेक्षा कुरिअरने येणारी बाटली सोयीची वाटते. म्हणून रुग्णाला 'हे थोतांड आहे' असे झटकून टाकण्याऐवजी तो काय घेतो, हे डॉक्टरांनी आपुलकीने विचारणे आवश्यक आहे.

संशोधन संस्थांवरही संयमाची जबाबदारी येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा स्मारक केंद्रातील शास्त्रज्ञांनी द्राक्षांत आढळणारे रेस्व्हेराट्रॉल आणि तांबे यांच्या गोळीविषयी माहिती दिली, तेव्हा 'शंभर रुपयांत कर्करोगावर औषध' असे मथळे झळकले. वस्तुतः कर्करोग परतण्याला आळा बसतो, हा निष्कर्ष तेव्हा उंदरांवरील प्रयोगांपुरता होता आणि माणसांवरील चाचण्यांना काही वर्षे लागतील, असे संबंधितांनीच सांगितले होते. आशेच्या मथळ्यात ही ओळ हरवली.

वनसंपत्तीचाही विचार हवा. वाणी व वॉल यांनीच शोधलेले कॅम्प्टोथेसिन हे दुसरे कर्करोगरोधक द्रव्य सह्याद्रीतील नरक्या या झाडात मिळते आणि त्यापायी हे झाड तस्करांच्या कुऱ्हाडीखाली आले. हिमालयातील यूही संकटग्रस्त यादीत आहे. औषध आपल्या जंगलात, पण मूल्य मिळते ते रेणू सिद्ध करणाऱ्याला, हे वास्तव बदलायचे असेल तर काटेकोर मानवी चाचण्यांवर खर्च करावा लागेल.

जखमेवरील हळदीच्या वापराचे अमेरिकेतील पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व शोधनिबंधांतील लेखी पुरावे मांडले होते. ती लढाई परंपरेच्या अभिमानाने नव्हे, तर पुराव्याने जिंकली गेली. हळद कर्करोगावर चालते असे म्हणणाऱ्यांकडूनही तेवढ्याच कसोशीच्या पुराव्याची अपेक्षा आहे. तो मिळेपर्यंत भाज्या, फळे आणि हळद ताटात असावीत. पन्नाशीनंतर लघवीच्या तक्रारी किंवा न थांबणारी पाठदुखी असेल, तर मात्र पहिली भेट मूत्ररोगतज्ज्ञाची घ्यावी.